पेटीतले मस्तक

रामसे बंधूंचे भयपट हा एखाद्या साहित्यसंस्थेच्या त्रैमासिकाचा विषय होऊ शकतो काय, असे काही वाचक विचारतील. इतक्या वर्षांत तो कधीच विषय झाला नाही, हेच आपल्या अभिरुचीचे खरे दुखणे आहे, असे आमचे उत्तर आहे. ज्या चित्रपटांनी गावोगावच्या तंबूंतून आणि शहरांतल्या जुन्या चित्रगृहांतून दोन पिढ्यांना खुर्चीला खिळवून ठेवले, त्यांच्याबद्दल आपल्या विद्वज्जनांनी एक वाक्यही विचारपूर्वक लिहिले नसेल, तर त्यात चित्रपटांचे काही उणे होत नाही. उणेपण विचाराला येते.

या चित्रपटांविषयी आज आपल्याकडे दोन मते प्रचलित आहेत आणि आम्हाला दोन्ही अमान्य आहेत. पहिले मत जुन्या सुसंस्कृतांचे. त्यांच्या लेखी हे सारे गल्लाभरू, बीभत्स आणि अंधश्रद्ध. पाहणारा अडाणी आणि दाखवणारा लबाड. दुसरे मत नव्या रसिकांचे. ते या चित्रपटांवर प्रेम करतात, पण हसत हसत. रबरी मुखवटा, लाल-निळा प्रकाश, धुराचे लोट, मागून दिसणारी दोरी यांची ते कौतुकाने यादी करतात आणि ‘इतके वाईट की मजा येते’ असा निकाल देतात. पहिला पक्ष दार लावून घेतो, दुसरा खिडकीतून टवाळी करतो. हवेलीच्या आत जायला दोघेही तयार नाहीत.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे: या स्वस्त भयपटांचे आकर्षण रक्तात नाही, उघड्या अंगात नाही आणि त्यांच्या गबाळेपणातही नाही. वडीलधाऱ्यांनी दडवलेल्या गोष्टीची किंमत पोरांना मोजावी लागते, हे एक सत्य त्यांनी निःसंकोचपणे सांगितले आणि तरुण प्रेक्षकाला ते आपल्या घरातले वाटले. आकर्षणाचे मूळ तिथे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. फतेहचंद रामसिंघानी यांचे कराचीत रेडिओचे दुकान होते. आडनावाचे रामसे झाले ते तिथेच, गोऱ्या गिऱ्हाइकांच्या सोयीसाठी. १९४७ च्या फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आले आणि पुढे चित्रपटाच्या धंद्यात उतरले. १९७० सालचा ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ पडला; परंतु त्यात मुखवटा चढवून चोरी करणाऱ्या पृथ्वीराज कपूर यांच्या प्रसंगाला प्रेक्षक दाद देतात, हे मुलांनी हेरले. १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरला झाले. मोठी नटमंडळी नव्हती, सेट नव्हते आणि कामगारही फारसे नव्हते, कारण सात भाऊ हेच कामगार होते. तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करत, गंगू कॅमेरा सांभाळत, किरण ध्वनी पाहत, अर्जुन संकलन करत, कुमार पटकथा लिहीत आणि केशू निर्मितीचा भार उचलत. घरच्या बायका युनिटचा स्वयंपाक करत. एका निर्वासित कुटुंबाने कुटुंब म्हणूनच चालवलेला हा कारखाना होता. आपले घर मागे टाकून आलेल्या माणसांनी आयुष्यभर ओसाड हवेल्यांचे चित्रपट काढावेत, ही गोष्ट आम्हाला निव्वळ योगायोगाची वाटत नाही.

त्यांचा सर्वांत गाजलेला चित्रपट म्हणजे १९८४ सालचा ‘पुराना मंदिर’. तो त्या वर्षीच्या मोठ्या यशांपैकी एक ठरला. मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सार यांच्या जोडीला आपले सदाशिव अमरापूरकर आणि ललिता पवारही त्यात होते आणि सामरी या राक्षसाच्या भूमिकेत अजय अगरवाल. कथा अशी: दोनशे वर्षांपूर्वी एका राजाने सामरीचा शिरच्छेद केला. मस्तक पेटीत घालून हवेलीत ठेवले, धड जुन्या देवळामागे पुरले. मरताना सामरीने शाप दिला, की या घराण्यातली प्रत्येक स्त्री बाळंतपणात मरेल. तो शाप खरा होत राहिला. आजच्या काळातला ठाकूर आपल्या मुलीला गरीब मुलावर प्रेम करू देत नाही. मुलीला वाटते, बाप प्रतिष्ठेला भुलला. खरे कारण वेगळेच असते आणि ते त्याने तिला कधी सांगितलेले नसते.

आता ही कथा मुखवट्याखेरीज वाचून पाहा. घराण्यात एक जुने प्रकरण आहे. त्याचा निकाल अर्धवट लावलेला आहे; धड एकीकडे, शीर एकीकडे. त्याचा पुरावा घरातच कुलपात आहे. वडिलांना सारे ठाऊक आहे आणि ते बोलत नाहीत. त्याची भरपाई मात्र घरातल्या लेकीसुना प्राण देऊन करत आहेत. शेवटी तरुण माणसे हवेलीत जातात, पेटी उघडली जाते, अनर्थ ओढवतो आणि जे दोनशे वर्षांपूर्वीच करायला हवे होते, ते करावे लागते: सामरीला जाळूनच संपवावे लागते. आपल्या सामाजिक कादंबऱ्यांनी पानोपानी चर्चा करून जे सांगितले, त्यापेक्षा हे निराळे आहे काय? फरक इतकाच, की इथे चर्चा नाही. इथे पेटी आहे.

याच १९८४ साली अमेरिकेत ‘अ नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट’ हा चित्रपट आला. मुलांचे खून करणारा क्रूगर कायद्याच्या फटीतून सुटतो, तेव्हा गल्लीतले आईबाप त्याला जिवंत जाळतात आणि मुलांना काही कळू देत नाहीत. पुढे तो मुलांच्या स्वप्नांत शिरून त्यांना मारू लागतो. नायिकेची आई अखेरीस तिला तळघरात नेते आणि भट्टीत लपवून ठेवलेला त्याचा सुऱ्यांचा हातमोजा दाखवते. हवेलीतली पेटी आणि तळघरातली भट्टी! एकमेकांना न पाहता, एकाच वर्षी, दोन देशांतल्या स्वस्त भयपटांनी एकच गोष्ट सांगितली. रामसे बंधूंनी पुढे ‘महाकाल’मध्ये (१९९४) या अमेरिकी चित्रपटाची नक्कल केली, हे खरे आहे, परंतु नक्कल करण्याच्या दहा वर्षे आधीच त्यांच्याकडे त्याचे मर्म होते, हेही खरे आहे. १९८० सालच्या ‘फ्रायडे द थर्टीन्थ’मध्येही तेच. जबाबदार माणसांच्या हलगर्जीपणामुळे एक मुलगा तळ्यात बुडाला, तरी उन्हाळी शिबिर पुन्हा सुरू झाले आणि नव्या पोरांचे बळी पडू लागले.

ही कल्पना आपल्याला परकी वाटावी, याचेच नवल वाटते. मराठी भूतसृष्टी म्हणजे न फिटलेल्या देण्यांची खतावणीच आहे. मुंज होऊन लग्नाआधी मेला तो मुंजा, पिंपळावर बसतो. बाळंतपणात किंवा अतृप्त मेली ती हडळ. द्रव्याच्या वासनेत अडकून मेला तो ब्रह्मसमंध, पुरलेल्या धनावर पहारा देतो. पाण्यात बुडाला त्याचा गिऱ्हा. प्रत्येक भुताच्या नावात त्याची तक्रार नोंदलेली आहे. कुणाचे काय राहिले, कुणी काय नाकारले, हे आपल्या आज्यांना भुताच्या नावावरून कळे. हडळीला आपण भ्यालो. पण ती ज्या अंधाऱ्या खोलीत वैद्याविना मेली, त्या खोलीविषयी आपल्या घराण्यांच्या इतिहासांत एक ओळ सापडत नाही. ‘पुराना मंदिर’मधला शापही नेमका बाळंतपणातल्या मृत्यूचा आहे. ज्या खेड्यातल्या बाईने असे मरण शेजारी पाहिले होते, तिला तो शाप समजावून सांगण्यासाठी समीक्षकाची गरज नव्हती.

मग हे मोठ्या चित्रपटांनी का सांगितले नाही? त्यांना परवडणारे नव्हते. खर्चिक हिंदी चित्रपटात वडीलधाऱ्यांचे गुपित शेवटच्या रिळात मिठीत विरघळते. हरवलेला मुलगा सापडतो, बाप पाणावल्या डोळ्यांनी क्षमा करतो आणि कुटुंबसंस्था आणखी बळकट होते. लाखो रुपये गुंतवणाऱ्याला सर्वांना खूश ठेवावे लागते. ज्याने फारसे काही गुंतवलेच नाही, तो बापाला दोषी ठरवू शकतो. १९७८ सालचा ‘हॅलोवीन’ सव्वातीन लाख डॉलरांच्या आसपास झाला. त्यातल्या खुन्याचा मुखवटा दोन डॉलरांहून कमी किमतीला विकत घेऊन पांढरा रंगवलेला होता. त्या कोऱ्या चेहऱ्यावर प्रेक्षकाने आपापले भय चिकटवले. महागडा मुखवटा इतकी जागा मोकळी सोडत नाही. या चित्रपटांचा स्वस्तपणा ही त्यांची मर्यादा होती, तशीच मोकळीकही.

मराठीने भयाला परवाना दिला, तो दोनच अटींवर. एक तर त्याचा उलगडा बुद्धीला पटणारा हवा, किंवा ते हसवणारे हवे. ‘हा खेळ सावल्यांचा’ (१९७६) हा देखणा चित्रपट भुताचे मूळ अखेर माणसातच शोधतो आणि प्रेक्षकाला निर्धास्तपणे घरी पाठवतो. ‘झपाटलेला’ (१९९३) हा १९८८ सालच्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटाच्या कल्पनेवर बेतलेला. पण रामदास पाध्ये यांचा बाहुला आणि लक्ष्मीकांत बेर्डे यांची धांदल यांमुळे तात्या विंचू हा खुनी असूनही घराघरांतला लाडका झाला. दोन्ही चित्रपट आम्हाला प्रिय आहेत. तरीही विचारावेसे वाटते, की उलगडा नाही आणि विनोदही नाही, असे निखळ भय मराठी पडद्याने इतके का टाळले?

ते भय छापील पानांवर होते. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी शंभराहून अधिक पुस्तके लिहिली. फिरत्या वाचनालयांतून ती हातोहात झिजली. मात्र आपल्या वाङ्मयेतिहासांत त्यांना तळटिपेइतकी जागा मिळाली. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांना नाटककार म्हणून मान मिळाला, गूढकथाकार म्हणून केवळ सवलत. २०१८ साली ‘तुंबाड’ आला आणि चित्र पालटले. पाऊस, वाडा, सोन्याच्या मुद्रा आणि पिढ्यान् पिढ्या झिरपणारी हाव पाहून सारे समीक्षक नतमस्तक झाले. २०२४ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त गल्ला जमला. त्या चित्रपटात धारपांच्या एका कथेचे बीज आहे. म्हणजे तीच गोष्ट मळक्या मुखपृष्ठाच्या पुस्तकात होती तेव्हा ती हलकी होती आणि देखण्या छायाचित्रणात आली तेव्हा ती थोर झाली. मग आपण परीक्षा साहित्याची करत होतो, की कागदाची?

ग्वाल्हेरकरांना तर हा भेदभाव मुळीच शोभत नाही. पूर्वीच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपूरला १९१७ साली एका मराठी कुटुंबात गजानन माधव मुक्तिबोध जन्मले. हिंदीत लिहिणाऱ्या या मराठी कवीची ‘ब्रह्मराक्षस’ ही कविता आज विद्यापीठांतून शिकवली जाते. शहराबाहेरच्या पडक्या बावडीत एक ब्रह्मराक्षस आहे आणि तो अंगावरचा मळ धुण्याचा अखंड प्रयत्न करतो आहे. ज्ञान असूनही मुक्ती न मिळालेला. त्या बावडीच्या काठावर आपले प्राध्यापक आदराने उभे राहतात. मुक्तिबोधांची प्रतिभा आणि रामसे बंधूंची कारागिरी एका पंक्तीत बसवण्याचा आमचा हेतू नाही. आम्ही एवढेच म्हणतो, की दोघांनी पाणी एकाच विहिरीतून काढले आहे आणि ती विहीर आपल्या आज्यांची आहे. कवितेतला ब्रह्मराक्षस चालतो, मग तंबूतला सामरी का चालत नाही?

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप स्त्रीदेहाचा आहे आणि तो खरा आहे. स्नानगृहातले ते प्रसंग गल्ल्यासाठीच घातलेले असत. ‘वीराना’ (१९८८) या चित्रपटात तर फाशी दिलेली चेटकीण ठाकुराच्या मुलीच्या अंगात शिरते आणि सौंदर्य हेच संकट ठरते. याचे समर्थन आम्ही करणार नाही. तथापि इथेही सरसकट झाडू फिरवण्याआधी पाहावे. अमेरिकी अभ्यासक कॅरल क्लोव्हर यांनी १९८७ सालच्या निबंधात आणि पुढे १९९२ सालच्या ग्रंथात दाखवून दिले, की सुऱ्याने एकेकाला गाठणाऱ्या या ‘स्लॅशर’ चित्रपटांत शेवटी जिवंत राहते ती एक मुलगी; तीच पाहते, तीच ओळखते, तीच लढते आणि प्रेक्षागृहातले तरुण पुरुष तिच्या डोळ्यांनी पाहू लागतात. रामसेपटातल्या मुलीला हे बळ मिळाले नाही. तिला त्रिशूळ आणि नायक यांची वाट पाहावी लागली. आमच्या मते हा या चित्रपटांचा सर्वांत मोठा दोष आहे. त्यांनी किंमत कोण मोजते हे अचूक सांगितले. परंतु तिच्या हाती हत्यार दिले नाही. टीका करायची तर ही करावी. मुखवट्याच्या रबरावर वेळ घालवू नये.

दुसरा आक्षेप अंधश्रद्धेचा. महाराष्ट्रात २०१३ साली नरेंद्र दाभोलकर यांचा खून झाला आणि त्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. त्या बलिदानापुढे आम्ही नम्र आहोत. परंतु प्रत्यक्षातल्या भुताटकीची दिशा पाहा. गावात जेव्हा एखादीला चेटकीण ठरवतात, तेव्हा ती बहुधा विधवा, एकटी, चार बिघे जमिनीची मालकीण असते. बोट वरून खाली रोखलेले असते. ‘पुराना मंदिर’सारख्या चित्रपटात भूत हवेलीत शिरते आणि जाब ठाकुराच्या घराला द्यावा लागतो. भीतीची दिशाच उलटी झालेली असते. ‘वीराना’ला हे लागू नाही, म्हणूनच तो आम्हाला उणा वाटतो. भुतावर विश्वास ठेवणे निराळे आणि भुताच्या गोष्टीतून जाब विचारणे निराळे. हा विवेक ज्यांना करता येत नाही, त्यांनी हॅम्लेटच्या बापाचे काय करायचे तेही एकदा सांगून टाकावे.

राहिले ते हसणारे रसिक. त्यांच्याशी आमचे भांडण अधिक कडवे आहे, कारण ते मित्राच्या वेषात येतात. दोरी दिसली म्हणून हसणाऱ्याला वाटते, की आपण फसलो नाही. परंतु तंबूतला प्रेक्षकही फसला नव्हता. त्यालाही मुखवटा रबराचा आहे हे ठाऊक होते. दशावतारात राक्षसाच्या तोंडचा रंग ओळखणाऱ्या समाजाला हे कुणी शिकवावे लागत नाही. रबर दिसत असूनही तो भ्याला, कारण भीती रबराची नव्हतीच. हसणारा मात्र रबरापाशीच थांबला आणि पुढे गेलेल्याला अडाणी म्हणाला.

हा सारा खटाटोप आम्ही कंपूत बसून का करतो आहोत? महादजींनी डी बॉइनकरवी कवायती पलटणी उभ्या केल्या, त्यांना कंपू म्हणत. शिंद्यांच्या छावणीचे लष्कर शहर झाले आणि आमच्या वस्तीला कंपू हे नाव राहिले. आज मराठीत कंपू म्हणजे आपसात माना डोलावणाऱ्यांचे टोळके. ग्वाल्हेरच्या मराठी साहित्यव्यवहाराने हा दुसरा अर्थ अधिक जिव्हाळ्याने जपला आहे. सभांना तीच पंधरा-वीस पांढरी डोकी, तेच पराक्रमाचे विषय आणि शेवटी तीच खंत: ‘तरुण मंडळी येत नाहीत.’

ती का यावीत? त्यांना आपण दिवाणखाना दाखवतो, बंद खोली दाखवत नाही. जून १८५८ मध्ये राणी लक्ष्मीबाई याच शहरात धारातीर्थी पडल्या. त्यांच्या समाधीला आपण फुले वाहतो आणि त्या वेळी शिंदे दरबार कुणाच्या बाजूस होता, हे वाक्य भाषणात घाईने ओलांडतो. वाड्यांच्या कहाण्या सांगताना झुंबरांची संख्या सांगतो. माजघरात केस उतरवून बसवलेल्या बालविधवेचे नाव सांगत नाही. वाड्याच्या वाटणीत कुणाचा हिस्सा बुडाला, आडात पडलेल्या सुनेचा पाय खरोखर घसरला होता काय, हे पोरांनी विचारले की ‘जुन्या गोष्टी कशाला उकरता’ हे ठरलेले उत्तर. ठाकूरही आपल्या मुलीला याहून वेगळे काही सांगत नव्हता. पोरे आपल्या सभांतून उठून चित्रगृहात गेली ती बिघडली म्हणून नव्हे. घरात काहीतरी दडवलेले आहे, एवढे तरी तिथे कबूल केले जात होते.

म्हणून आमच्या मागण्या दोन आहेत आणि दोन्ही साध्या आहेत. आपल्या मराठी वाचनालयांनी धारप आणि मतकरी मागच्या कपाटातून काढून दर्शनी फळीवर ठेवावेत, मळलेली मुखपृष्ठे तशीच ठेवून. आणि या पत्रिकेने पुढच्या वर्षभरात एक सदर चालवावे: ग्वाल्हेरच्या मराठी घरांतल्या न सांगितलेल्या गोष्टी. नावे गाळावीत, वाड्याचा पत्ता गाळावा, पण गोष्ट गाळू नये. लिहायला घरातल्या वृद्ध स्त्रियांना आणि विशीतल्या मुलांना बसवावे. मधल्या पिढीने लेखणी खाली ठेवून ऐकावे. ज्यांना हे अभिरुचीला सोडून वाटेल, त्यांनी तसे लेखी कळवावे. आम्ही उत्तर देऊ. मात्र आक्षेप लिहायला बसण्याआधी त्यांनी ‘पुराना मंदिर’ एकदा शेवटपर्यंत पाहावा, आणि तोही घरातल्या एखाद्या तरुण मुलीच्या शेजारी बसून.